ठोकलेलं पोलाद

फोन आला तेव्हा तो एका निवृत्त शिक्षकाच्या खालच्या कवळीत दात बसवत होता. मेण नुकतंच मऊ झालं होतं आणि दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून त्याने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला. पलीकडे धाकटी होती. धाकटी म्हणजे त्याच्या बायकोची पहिली विद्यार्थिनी. आता तिचेही केस कानापाशी पांढरे झाले होते, दुसऱ्या शहरात तिची स्वतःची प्रयोगशाळा होती, पण या घरात ती धाकटीच राहिली होती. इकडचं तिकडचं काही न बोलता तिने विचारलं, "काका, बाईंना तुम्ही जे चिमटे करून दिले होते, ते कसल्या पोलादाचे होते?" दातांच्या कामाचं, न गंजणारं, नेहमीचंच, असं त्याने सांगितलं. मग तिने विचारलं, टोकं बारीक कशी केली होती, घासून की ठोकून. आधी ठोकून, मग घासून, तो म्हणाला. मग बरं म्हणाली, त्याच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "मी हे विचारलं ते बाईंना सांगू नका हं, काका."

मेण थिजलं होतं. दात जरासा कलून बसला होता. त्याने तो काढला, ज्योतीवर सुरी धरली, आणि पुन्हा मेण मऊ करायचं सोडून सुरीच्या पात्यावर चढत जाणाऱ्या निळसर रंगाकडे बघत बसला. विचारण्यात काही वावगं नव्हतं. शास्त्रज्ञ माणसं असले प्रश्न विचारतातच. लग्नानंतर पहिल्या वर्षी बायकोने त्याला साबण कुठला वापरतोस हेही असंच विचारलं होतं, आणि तो बिचारा दिवसभर आपल्या अंगाला वास येतो की काय या काळजीत होता. तिला फक्त साबणात मीठ किती असतं ते हवं होतं. पण सांगू नका, हे त्याला खुपलं. दाताच्या फटीत अडकलेल्या कणासारखं ते जिभेला पुन्हा पुन्हा लागत राहिलं.

बायको पहिल्यांदा आली होती ती याच खोलीत, याच टेबलापाशी. कुणा दंतवैद्याने तिला पाठवलं होतं, की बारीक हत्यारं करून घ्यायची तर या माणसाकडे जा. तिच्या हातात करंगळीएवढी काचेची बाटली होती आणि ती बाटली तिने टेबलावर ठेवलीच नाही, बोलताना सगळा वेळ मुठीत धरून होती. मला हे उचलायचंय, ती म्हणाली, आणि हे मोडता कामा नये. त्याने डोळ्याला भिंग लावून आत पाहिलं. तळाशी काळे पापुद्रे पडले होते, माशीच्या पंखाएवढे, आणि दिव्याखाली फिरवले की भुंग्याच्या पाठीसारखे चमकत होते. सेंद्रिय स्फटिक आहेत, ती म्हणाली. सेंद्रिय म्हणजे भाजीपाल्यासारखं का, असं त्याने विचारलं, आणि ती इतकी मोकळी हसली की विचारलं त्याची लाज वाटायची राहूनच गेली. मग तिने सांगितलं. कार्बन, हायड्रोजन, गंधक, सगळा माल मेणाच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या घराण्यातला. या घराण्यातून वीज वाहू नये अशी रीत. पण हे पापुद्रे रीत पाळत नाहीत. त्यांच्यात इलेक्ट्रॉन कधी तांब्यात हिंडावेत तसे हिंडतात, कधी गर्दीत एकमेकांना अडवून जागच्या जागी उभे राहतात. आणि प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतः एक इवलंसं चुंबक असतो. उभे राहिल्यावर, खूप गारठा पडल्यावर, ही चुंबकं एकमेकांशी काय करतात, एवढंच तिला बघायचं होतं. एवढंच, असं ती म्हणाली होती. त्याला आठवतं, तिच्या तोंडून तो शब्द ऐकताना त्याला आपलं सगळं आयुष्य फार ढोबळ वाटलं होतं, आणि त्याचं वाईट मात्र वाटलं नव्हतं.

त्याने तिला दातांच्या कामाचा एक चिमटा दाखवला. तिने पर्समधून चुंबक काढून त्याला लावून पाहिलं. चिकटला नाही. पास, ती म्हणाली. पण टोकं जाड होती. मग त्याने ती न तापवता, गारच ऐरणीवर धरून छोट्या हातोडीने ठोकून ठोकून चपटी केली, दगडावर घासली, कातड्यावर घोटली, आणि शेवटी मिटलेल्या पापण्यांसारखी दोन टोकं एकमेकांना टेकली. ती घ्यायला आली तेव्हा त्याने त्या चिमट्याने स्वतःच्या मनगटावरचा एक केस न उपटता उचलून दाखवला. ती बघत राहिली. तिने चिमटा रुमालात गुंडाळला, आणि पुढच्या आठवड्यात काही काम नसताना पुन्हा आली. कवळी करणाऱ्याच्या आयुष्यात प्रेम याहून निराळं कसं येणार.

आधी चुंबक, मग ठोकणं. हा क्रम त्याच्या लक्षात आला तेव्हा तो भर रस्त्यात, पाव घेऊन घरी निघाला होता. मागच्या माणसाचा धक्का लागला, कुणीतरी पुटपुटलं. तो परत वळला आणि कारखान्यात गेला. त्याच्या त्या एका खोलीला तो कारखाना म्हणायचा आणि बायको गुहा म्हणायची. तिथे खुंटीला दोरीने बांधलेलं एक चुंबक होतं, जमिनीवर सांडलेल्या कोरणीच्या सुया टिपायला. खालच्या खणात त्याच घडणीचा, तेव्हाच केलेला जोडीचा चिमटा होता. तिचा हरवला तर असावा म्हणून त्याने दुसरा करून ठेवला होता, आणि तिचा कधी हरवलाच नव्हता. त्याने तो दोऱ्याने मधोमध टांगला. दांड्याजवळ चुंबक नेलं. चिमटा ढिम्म. मग चुंबक टोकाकडे नेलं, आणि टोक वळलं. अगदी हळू, हाक ऐकून माणसाने मान वळवावी तसं, आणि मग टच्च आवाज करून चिकटलं. त्याने ते सोडवलं, पुन्हा लावलं, पुन्हा तेच. पोलाद तेच होतं. जिथे जिथे त्याची हातोडी पडली होती, तिथेच ते निराळं झालं होतं.

तिच्या कामातलं त्याला सगळं कळत नसे, पण तिचं नाव कशामुळे झालं हे कळत होतं. खूप गारठ्यात, जिथे हवासुद्धा दगड होते त्याच्याही कितीतरी खाली, तिच्या पापुद्र्यांमधले इलेक्ट्रॉन अचानक शिस्तीत येतात असं तिने दाखवलं होतं: एकआड एक उलट तोंड करून, पण जरासे कललेले, आणि त्या कलण्यातून एक फिकट चुंबकत्व जागं होतं. लोक त्याला बाईंचं चुंबकत्व म्हणत. पुस्तकांत ते त्याच नावाने छापून आलं होतं. एकच माणूस ते मानत नसे. तिच्याच क्षेत्रातला, दुसऱ्या संस्थेतला, सडपातळ, कपाळावर कायम आठी. तिने त्याचं नाव खवट ठेवलं होतं, आणि घरात त्याला दुसरं नावच नव्हतं. प्रत्येक सभेत खवट उठायचा आणि म्हणायचा, हा बाहेरून आलेला कचरा आहे, स्फटिकाच्या अंगचं नाही हे. दाखवता मात्र त्याला कधी आलं नव्हतं. अशा सभेहून आली की ती भांडी घासायला घ्यायची, घासलेलीसुद्धा. तो ती पुसून ठेवायचा आणि मनातल्या मनात खवटला शिव्या घालायचा. नवऱ्याने बायकोच्या शत्रूचा द्वेष करावा हे त्याला सोपं आणि सुखाचं कर्तव्य वाटे. आता रस्त्याने घरी जाताना त्याच्या मनात आलं, की आपण इतकी वर्षं ज्याला शिव्या घातल्या तो माणूस जो कचरा शोधत होता, तो आपल्याच हातचा होता.

पुढचे दिवस त्याने चोरासारखे काढले. ती निवृत्त व्हायची होती, संस्थेत तिचा सत्कार ठरला होता, आणि त्या दिवशी तिला आपल्या त्या शोधावर बोलायचं होतं. ती टेबलापाशी बसून भाषणाची तयारी करायची, चष्मा कपाळावर सरकवून कागद अगदी नाकाशी धरायची, मध्येच काही गुणगुणायची. तिचं ते गुणगुणणं त्याला ऐकवत नसे. डॉक्टरला कळलेलं असतं आणि रोगी खुशीत सिनेमाच्या गोष्टी सांगत असतो, तसं त्याला वाटे. कधी वाटे, गप्प बसावं. कुणाचं काय बिघडतंय. तिकडे ते इलेक्ट्रॉन काय, कुणी त्यांच्याबद्दल खोटं छापलं म्हणून खटला भरणार आहेत थोडेच. मग त्याला स्वतःचीच गिऱ्हाइकं आठवत. कवळी नीट बसली नाही तर भिडस्त माणूस सांगत नाही. छान आहे म्हणतो, आणि घरी जाऊन हळूहळू कठीण खाणं सोडून देतो. म्हणून तो कुणालाही समोर बसवून काहीतरी चावायला लावल्याशिवाय सोडत नसे. छान आहे हे ऐकून घ्यायचं नाही, हे त्याने त्याच्या उस्तादांकडून घेतलं होतं. आणि आता तोच रोज जेवताना तिला विचारत होता, कसं चाललंय भाषण, आणि ती म्हणत होती, छान.

त्याने सांगितलं ते एका सुट्टीच्या दुपारी, गच्चीत वाळत घातलेली चादर दोघं मिळून घडी करत असताना. चादरीची दोन टोकं त्याच्या हातात, दोन तिच्या. इतकं अंतर असलं की बोलणं सोपं जातं, असं काहीसं त्याच्या मनात असावं. तो म्हणाला, "त्या चिमट्याची टोकं चुंबकाला चिकटतात."

ती घडीची कड जुळवत होती. तिने ती जुळवली. "माहीत आहे," ती म्हणाली.

मग चादर तशीच दोघांच्या मध्ये धरून तिने सगळं सांगितलं. काही महिन्यांपूर्वी एकदा चष्मा घरी विसरला होता, हाताचा भरवसा वाटेना, म्हणून तिने एक स्फटिक चिमट्याऐवजी रंगाच्या कुंचल्याचा एक केस ओला करून त्याने उचलला. त्या स्फटिकात चुंबकत्व आलं नाही. स्फटिक खराब असेल म्हणून तिने दुसरा घेतला, मग आणखी एक. मग, एका सकाळी, तिने त्यातलाच एक, ज्यात काही नव्हतं असा, चिमट्याने उचलला आणि तसाच परत खाली ठेवला. पुन्हा मोजला. चुंबकत्व आलं. घासताना सुटलेले पोलादाचे कण टोकावर बसले होते. इतके सूक्ष्म, की उबेत त्यांची दिशा भिरभिरत राहते आणि गारठ्यात थिजते. म्हणून तर वाटलं होतं की गारठ्याने इलेक्ट्रॉनांना शिस्त लावली. त्यानंतर तिने धाकटीला दोन्ही तऱ्हेचे स्फटिक पाठवले, कुठला कसा उचललाय ते न सांगता. धाकटीने मोजून बरोबर दोन ढीग केले. पेपर मागे घेत असल्याचं बायकोने संशोधनपत्रिकेला कळवून टाकलं होतं, छापून मात्र ते अजून यायचं होतं. "ते कळवायला एक दुपार लागली," ती म्हणाली. "तुला कसं सांगायचं ते मात्र इतके दिवस जमेना. धाकटीलाही म्हटलं होतं, काकांना कळू देऊ नकोस. तिला कुठलं राहवतंय."

म्हणजे ती गुणगुणत होती ते सगळं माहीत असताना. इतके दिवस तो तिला सांभाळत होता, आणि ती त्याला. घरात दोन माणसं एकाच खड्ड्यावर दोन बाजूंनी सतरंजी ओढत होती. माझ्यामुळे तुझं, असं काहीतरी तो बोलायला गेला, आणि तिने चादर आपल्याकडे ओढली, म्हणजे तोही तिच्याजवळ ओढला गेला. "तू हत्यार दिलंस. निष्कर्ष मी काढला," ती म्हणाली. "पुन्हा एकदा चुंबक लावून बघायचं काम माझं होतं. बघितलं नाही. का माहीत आहे? आलेलं उत्तर मला आवडलं होतं." तिचा आवाज कापला नाही. डोळ्यांत मात्र काहीतरी होतं, आणि ते लपवायचा तिने प्रयत्न केला नाही. आयुष्यभर ओळखीच्या असलेल्या त्या चेहऱ्याकडे तो बघत राहिला. त्याला वाटलं, हे आपल्याला आलं नसतं. चूक कबूल करणारे पुष्कळ असतात. आपण का चुकलो हे इतक्या सरळ सांगणारं माणूस त्याने पाहिलं नव्हतं.

चादर ठेवून झाल्यावर त्याने विचारलं, मग ते खरोखर करतात तरी काय, तुझे इलेक्ट्रॉन. आणि तो प्रश्न विचारताच तिच्यात जो बदल झाला तो त्याने ओळखला. बाटली मुठीत धरून आलेली तीच बाई. ते तीन-तीनच्या घोळक्याने उभे असतात, ती म्हणाली, त्रिकोणाच्या टोकांवर. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं असतं. दोघांनी केलं, की तिसऱ्याने काय करायचं? कुणाच्याही उलट वळला तरी दुसऱ्याशी जुळतंच. आपलं नव्हतं का, तू, मी आणि सासूबाई? तो हसला. आई गेल्यालाही आता बराच काळ लोटला होता. तिघं जेवायला बसली की कुणातरी दोघांचं पटायचं आणि तिसरा रुसायचा, आणि कोणती दोघं ते रोज बदलायचं. तसंच, ती म्हणाली. सगळ्या जोड्या सारख्या बदलत राहतात, आणि कितीही गारठा पडला तरी कायमचं काही ठरत नाही. निदान तिने मोजलं तिथवर तरी नाही. ते कधी ओळीत उभेच राहत नाहीत. तिने जे छापलं होतं त्याच्यापेक्षा हे खरं कितीतरी विलक्षण होतं, आणि कचरा त्याच्यावर चादरीसारखा पडला होता. आयुष्यभर दात ओळीत बसवणारा तो माणूस हे ऐकत बसला आणि त्याला, का कोण जाणे, त्या न जुळणाऱ्यांचा अभिमान वाटायला लागला.

सत्काराच्या दिवशी सभागृह भरलं होतं. तो मागच्या रांगेत कडेला बसला, गुडघा लांब करता यावा म्हणून. संचालकांनी तिची स्तुती केली, पुष्पगुच्छ दिला, ती तो कुठे ठेवायचा म्हणून जरा गोंधळली आणि शेवटी खुर्चीवर, स्वतः बसायची होती तिथेच ठेवून दिला. मग तिने सांगितलं की ज्या शोधासाठी आपण जमलो आहोत तो चुकीचा होता, आणि आता तो का चुकीचा होता ते ती दाखवणार आहे. माणसं आधी हसली. विनोद वाटला त्यांना. मग हसू ओसरलं, खुर्च्या कुरकुरल्या. ती शांतपणे एकेक आलेख दाखवत गेली. कुणाला दोष नाही, स्वतःला कोरडे ओढणं नाही, गळा भरून येणं नाही. सुतार एखाद्या खुर्चीचा पाय का डगमगत होता ते उलटी करून दाखवतो, तशी. शेवटी पुढच्या रांगेतल्या कुणीतरी विचारलं की लोखंड आलं कुठून. "माझ्या हत्यारातून," ती म्हणाली. त्या गर्दीत त्या एका 'माझ्या'चा अर्थ फक्त त्यालाच कळला. त्याने दोन्ही तळवे मांडीवर दाबून धरले.

आणि मग खवट उठला. सगळ्या माना वळल्या. या क्षणाची इतकी वर्षं वाट पाहिलेला माणूस काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, मागच्या रांगेतल्या तिच्या नवऱ्यालाही. आपण उठून बाहेर जावं असं त्याला क्षणभर वाटलं, मग वाटलं, नाही, ती उभी आहे तोवर आपणही बसून ऐकायचं. खवटची आठी तशीच होती. त्याने घसा खाकरला आणि विचारलं, या शुद्ध स्फटिकांना तुम्ही कुठवर गार केलंत. तिने आकडा सांगितला. तो जरा विचारात पडला. "तेवढ्याने नाही चालणार," तो म्हणाला. "आमचं यंत्र त्याच्याही बरंच खाली जातं. स्फटिक घेऊन या तुम्ही." आणि तो बसला. टाळ्या कुणी आधी सुरू केल्या कळलं नाही. त्याला एवढंच दिसलं की खवट टाळ्या वाजवत नव्हता. खिशातून कागद काढून घाईघाईने काहीतरी गणित करत होता. बायको व्यासपीठावरून त्याच्याकडेच बघत होती, आणि कागदावर काय येतंय ते कळावं म्हणून तिची मान जराशी लांब झाली होती.

खवटची प्रयोगशाळा तळघरात होती. तिथे ती गेली तेव्हा तोही गेला. स्फटिकांची पेटी न हलवता धरायला कुणीतरी हवं होतं, आणि तसा हात त्याचा होता. खवटने त्याला एक स्टूल आणून दिलं, वर जुनी उशी घातली, आणि गुडघ्यासाठी, इतकंच म्हणाला. कुठून कळलं होतं कोण जाणे. पंप धडधडत होते, जाड नळ्यांवर पांढरं दव धरलं होतं, खोलीत ओल्या धातूचा वास होता. पडद्यावर एक रेघ डावीकडे सरकत होती, आणि जितकी ती डावीकडे, तितका आत गारठा वाढत होता. शिस्त आली तर रेघ मोडणार होती, एवढं त्याला समजावलं होतं. पहिल्यांदा तो मनातल्या मनात म्हणत होता, मोडू दे. मोडली तर तिचं जुनं काही तरी परत मिळेल असा त्याचा हिशेब होता. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. ती आणि खवट पडद्यापुढे खांद्याला खांदा लावून वाकली होती, दोन म्हातारी माणसं, एकाच खिडकीतून बाहेर बघणाऱ्या भावंडांसारखी. तिच्या चेहऱ्यावर काहीही परत मिळवायची इच्छा नव्हती. काय होतंय ते बघायचं होतं तिला, एवढंच. त्यानेही मग मोडू दे म्हणायचं सोडलं, आणि रेघेकडे नुसतं पाहू लागला.

"इथवर पूर्वी कुणी गेलेलं नाही," खवट म्हणाला. "थांबायचं?"

रेघ सरळ होती. तिने पडद्यावरची नजर काढली नाही.

"अजून थोडं खाली," ती म्हणाली.

खवटने झडप फिरवली. पंपाचा सूर बदलला, आणि त्या तिघांसमोर रेघ आणखी डावीकडे सरकली.